सान इग्नासिओ मिनी : दारापाशीच परत फिरू नये असे गाव

एकाच आठवड्यात मी सान इग्नासिओ मिनीचे अवशेष दोनदा पाहिले, आणि दोन्ही वेळा पाहिलेली जागा एकच होती यावर अजून माझाच विश्वास बसत नाही. पहिल्या वेळी मला एक अप्रतिम कोरीव दरवाजा दिसला. दुसऱ्या वेळी त्या दरवाजाभोवती पसरलेले तीन-चार हजार माणसांचे गाव दिसले. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या भेटीचे आहे. पहिल्या भेटीविषयी मात्र आधी थोडे लिहिते, कारण आपल्याकडून जाणारे बहुतेक प्रवासी ती चूक करतील अशी मला दाट शंका आहे.

अर्जेंटिनाच्या ईशान्य कोपऱ्यात मिसिओनेस नावाचा एक चिंचोळा प्रांत पाराग्वे आणि ब्राझील यांच्यामध्ये घुसलेला आहे. त्याचे नावच तेथील जुन्या जेझुइट मिशनांवरून, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने धर्मप्रसारासाठी वसवलेल्या गावांवरून पडले आहे. प्रांताच्या उत्तर टोकाला इग्वासूचा धबधबा आणि दक्षिणेला पोसादास ही राजधानी; सान इग्नासिओ हे छोटे गाव पोसादासपासून साधारण 60 किलोमीटरवर, दोन्हींना जोडणाऱ्या राष्ट्रीय मार्ग 12 लगत आहे. धबधबा पाहायला आलेला माणूस 'एवढे आलोच आहोत तर' म्हणून एक दिवसाची सहल पकडतो, तशी मीही पकडली. सहल-कंपनीचे नाव घेत नाही, कारण तिच्यासारख्या इतरही असणार. जाण्यात जवळजवळ चार तास, येण्यात तेवढेच, मध्ये एका रत्नांच्या खाणीला भेट आणि लांबलेले जेवण. त्यामुळे ज्यासाठी निघालो त्या अवशेषांच्या वाट्याला पन्नास मिनिटे आली. आम्हांला थेट चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर नेऊन उभे करण्यात आले, छायाचित्रे झाली, आणि मागे आणखी काय आहे असे विचारल्यावर 'तशाच भिंती आहेत' असे उत्तर मिळाले. तशाच भिंती म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी तीन दिवसांनी मी पोसादासमध्ये मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या बसने पुन्हा तेथे गेले.

तिकिटाची व्यवस्था आधी समजून घ्यावी. एकाच तिकिटावर मिसिओनेसमधील चार मिशने पाहता येतात : सान इग्नासिओ मिनी, सांता आना, नुएस्त्रा सेन्योरा दे लोरेतो आणि सांता मारिया ला मायोर. तिकीट 15 दिवस चालते आणि प्रत्येक ठिकाणी एकदा प्रवेश मिळतो. (माझे पहिले तिकीट सहलवाल्यांनी गोळा करून घेतले ते परत दिलेच नाही, त्यामुळे मला दुसरे काढावे लागले. आपले तिकीट आपल्याच खिशात ठेवावे.) परदेशी पर्यटकांचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त आहे. आकडा लिहीत नाही, कारण पेसोचे मोल ज्या वेगाने घसरते त्या वेगाने दरही बदलतात. तिकिटातच मार्गदर्शकाबरोबरची फेरी समाविष्ट असते, पण ती स्पॅनिशमध्ये असते. माझे स्पॅनिश जेमतेम हॉटेलात जेवण मागण्यापुरते आहे, तरीही मी त्या फेरीत गेले आणि ते चांगले झाले. हाताने दाखवलेली गोष्ट समजायला भाषा फारशी लागत नाही.

आत शिरताना आधी संग्रहालय लागते. ते मोठे नाही, पण तेथील अख्ख्या वस्तीची प्रतिकृती सावकाश पाहावी, कारण पुढे जे पाहायचे आहे त्याचा नकाशा तिथेच डोक्यात बसतो. मध्ये विस्तीर्ण चौक. त्याच्या एका बाजूला चर्च, चर्चच्या एका अंगाला दफनभूमी, दुसऱ्या अंगाला धर्मगुरूंचे निवासस्थान, शाळा आणि कारखाने, मागे भाज्या-फळांची बाग. आणि चौकाच्या उरलेल्या तिन्ही बाजूंना एकमेकींना समांतर अशा घरांच्या लांबच लांब रांगा. या भागातील मूळ रहिवासी असलेल्या गुआरानी लोकांसाठी वसवलेल्या अशा 30 गावांत थोड्याफार फरकाने हाच आराखडा होता. त्यांपैकी 15 गावे आज अर्जेंटिनात, 8 पाराग्वेत आणि 7 ब्राझीलमध्ये येतात. सान इग्नासिओ मिनी 1984 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

नावाविषयी एक-दोन वाक्ये आवश्यक आहेत. गोव्यात ज्यांचे शव जतन केले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर ज्या जेझुइट संघाचे, त्याच संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे या गावाचे इग्नासिओ. 'मिनी' म्हणजे गुआरानी भाषेत लहान. मोठे, म्हणजे सान इग्नासिओ गुआसू, पाराग्वेत आहे. हे धाकटे गाव मुळात येथले नव्हेच. होसे कातालदिनो आणि सिमोन मासेता या दोन इटालियन पाद्र्यांनी ते 1610 मध्ये शेकडो किलोमीटर उत्तरेला, आजच्या ब्राझीलमधील ग्वायरा भागात वसवले. साओ पाउलोकडून गुलाम पकडण्यासाठी निघणाऱ्या बांदेइरांते टोळ्यांनी त्या भागातील गावे एकामागून एक लुटली, तेव्हा 1631 मध्ये आंतोनिओ रुइस दे मोंतोया या पाद्र्याच्या नेतृत्वाखाली सुमारे 12,000 गुआरानी लोकांनी तराफ्यांवर बसून पाराना नदीने दक्षिणेकडे स्थलांतर केले. तराफ्यांची संख्या 700 सांगितली जाते. वाटेतल्या प्रचंड धबधब्यापाशी त्यांना तराफे सोडून रानातून पायी उतरावे लागले, आणि भूक, रोगराई व पलायन यांमुळे शेवटपर्यंत पोहोचले ते फार थोडे. (तो धबधबाही आज दिसत नाही, 1982 मध्ये इताइपू धरणाच्या जलाशयात तो बुडाला.) आज आपण पाहतो त्या जागेवर गाव आले ते 1696 मध्ये. म्हणजे ज्या दगडांना आपण हात लावतो ते एकदा नव्हे, अनेकदा उठलेल्या बिऱ्हाडाचे दगड आहेत, आणि हे ठाऊक असले की त्या भिंतींची जाडी वेगळीच वाटू लागते.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर झाडांखालून जाणारी पायवाट आपल्याला चौकाकडे नेते, आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पहिल्यांदा लागतात ती घरे. चूक नेमकी येथे होते. समोर लांबवर चर्चची लाल भिंत दिसू लागते, पावले आपोआप तिकडे वळतात, आणि घरांच्या रांगा ओलांडून आपण केव्हा पुढे गेलो हे लक्षातही येत नाही. माझा आग्रह आहे की येथे थांबावे आणि किमान अर्धा तास द्यावा. बऱ्याच ठिकाणी घरांच्या भिंती आज कमरेपासून डोक्याइतक्या उंच उरल्या आहेत. चार-पाच मीटर लांबी-रुंदीची एक खोली म्हणजे एक घर, एका कुटुंबाला एक. अशा खोल्यांची सलग रांग, आणि रांगेला लागून खांबांवर पेललेले छप्पर असलेली ओवरी. देवळाच्या प्राकारातल्या ओवऱ्या पाहिलेल्या डोळ्यांना ती रचना लगेच ओळखीची वाटते. पाऊस असो की ऊन, ओवरीच्या सावलीतून गावभर हिंडता यावे अशी ती योजना होती. खोलीचा दरवाजा, समोर खिडकी, आणि चिऱ्यांत खोदलेली चौकटीची खाच. एका उंबरठ्याचा मधला भाग झिजून बशीसारखा खोलगट झालेला होता. त्या खोलगट जागेत रात्रीच्या पावसाचे पाणी साचलेले, त्यात दोन लाल मुंग्या. मी बराच वेळ तेथे बसले. चर्चच्या दरवाजाला शिल्पी होता, नाव होते. हा उंबरठा मात्र पायांनी घडवला होता.

या घरांत राहणारे सगळे गुआरानी होते, ही गोष्ट मला अवशेष पाहताना पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावी लागली. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च आपण पाहिलेली असतात, त्यामुळे 'पडके चर्च' म्हटले की मनात तटबंदी, तोफा आणि पोर्तुगीज वाडे उभे राहतात. येथे तसे काही नाही. हजारो माणसांच्या गावात युरोपीय म्हणायचे ते बहुधा दोन पाद्री; स्पॅनिश वसाहतवाल्यांना या गावांत स्थायिक होण्यास मनाई होती. गावाची नगरसभा, म्हणजे काबिल्दो, गुआरानी पुढाऱ्यांची असे, आणि प्रत्येक सरदाराची माणसे आपापल्या रांगेत एकत्र राहत. व्यवहाराची भाषा गुआरानीच होती, आणि प्रवचनेही तिच्यातच होत. अर्थात अंतिम शब्द पाद्र्यांचाच असे, आणि ज्याला तो मान्य नसेल त्याला फटक्यांची शिक्षाही असे.

आता चर्च. ते पाहायला सकाळ उत्तम, कारण ऊन तिरपे असताना कोरीव कामाला खोली येते. भर दुपारी तोच दगड सपाट दिसतो. इमारतीची लांबी 74 मीटर आणि रुंदी 24 मीटर होती, आणि भिंती काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत जाड आहेत. आराखडा होसे ब्रासानेली या इटालियन जेझुइट बंधूचा. दर्शनी भिंतीचा मधला भाग कोसळून गेला आहे, पण दाराच्या दोन्ही बाजूंचे उंच भाग उभे आहेत : अर्धस्तंभ, त्यांवर पाने-वेलींची दाट नक्षी, पंख पसरलेले देवदूत, येशूच्या नावाची अक्षरे आणि मरियेच्या नावाचे चिन्ह. या शैलीला 'गुआरानी बरोक' म्हणतात; बरोक म्हणजे युरोपातली भरगच्च अलंकरणाची शैली. हा शब्द पर्यटन-पत्रकांत इतका वापरला जातो की त्याचा अर्थ पुसट होतो. अर्थ कळायला दूरवरून छायाचित्र काढणे पुरेसे नाही, जवळ जावे लागते.

जवळ गेल्यावर दिसते ते असे. दगड लाल वालुकाश्माचा आहे. हाताला खरखरीत लागतो आणि बोटांवर लालसर भुकटी राहते. नक्षीत रिकामी जागा जवळजवळ ठेवलेलीच नाही, आणि जी पाने आहेत ती कुठल्या युरोपीय नमुना-वहीतून उतरवल्यासारखी काटेकोर नाहीत; प्रत्येक पान शेजारच्यापेक्षा किंचित वेगळे वळते, आणि एका ठिकाणी तर वेल आपली चौकट ओलांडून खालच्या चिऱ्यावर उतरली आहे. देवदूतांचे चेहरे रुंद आहेत. दोन चिऱ्यांच्या सांध्यात एक नेचे उगवले होते, आणि त्याची कोवळी गुंडाळी कोरलेल्या वेलीच्या टोकाशी अशी चिकटली होती की क्षणभर कोणती दगडाची आणि कोणती खरी हे कळेना. चर्च आणि निवासस्थान यांना जोडणारा बाजूचा दरवाजा मला दर्शनी भिंतीपेक्षाही आवडला. तो अधिक शाबूत आहे आणि तेथे गर्दी कमी असते.

बांधकामाची एक गोष्ट मार्गदर्शक बाईंनी हातवारे करून सांगितली, आणि त्यावरून पुष्कळ उलगडा झाला. या भागात चांगला चुना सहज मिळत नव्हता, त्यामुळे एवढ्या प्रचंड भिंती मातीच्या गाऱ्यात रचल्या आहेत. अशा भिंतीवर छपराचा भार टाकणे धोक्याचे. म्हणून आधी कठीण लाकडाचे अजस्र खांब जमिनीत खोल पुरून त्यांवर तुळया आणि कौलारू छप्पर उभारायचे, आणि मग त्या सांगाड्याभोवती भिंती चढवायच्या, अशी पद्धत होती. छप्पर लाकडाने पेललेले, भिंत केवळ आडोसा. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या लाकडी सांगाड्याशी याचे नाते चटकन लक्षात येते. परिणामही तोच झाला : लाकूड जळाले किंवा कुजले की छप्पर गेले, आणि छप्पर गेल्यावर मातीच्या सांध्यांत पाऊस शिरून भिंती सुटू लागल्या. चर्चच्या आत आज हिरवळ आहे आणि वर आकाश. त्या जागेचे मूळ रूप ओळखायचे तर तेथे खांबांच्या दाट रांगा, रंगवलेले लाकूड आणि मेणबत्त्यांचा अंधूक उजेड कल्पनेने भरावा लागतो; उघड्यावर उभे राहून येणारे मोकळे-मोकळे वाटणे ही नंतरच्या पडझडीची देणगी आहे.

निवासस्थान आणि कारखाने यांच्या बाजूला पाट्या आहेत, भिंतीही बऱ्या स्थितीत आहेत, पण येथे फार वेळ घालवावा असे मला वाटले नाही. येथे सुतार, लोहार, विणकर, मूर्तिकार आणि वाद्ये घडवणारे काम करीत. संगीत हे या मिशनांचे मोठे वैशिष्ट्य. वाद्यवृंद आणि गायकवृंद गावोगावी होते. परंतु संगीत दगडांत दिसत नाही. ते पाहायचे असेल तर नदीपलीकडे पाराग्वेतील त्रिनिदादच्या मिशनात जावे. तेथील चर्चच्या भिंतीवर वाद्ये वाजवणाऱ्या देवदूतांची पट्टी कोरलेली आहे, आणि त्यांच्या हातांत वीणेसारख्या हार्पबरोबर गुआरानींचा खुळखुळाही आहे.

दफनभूमीकडची बाजू शांत आहे आणि तेथे फारसे कोणी येत नाही. 1732 मध्ये तिसही गावांची मिळून लोकसंख्या सुमारे 1,41,000 होती, आणि पुढच्या आठ वर्षांत देवी-गोवरासारख्या साथी, दुष्काळ आणि पलायन यांनी ती जवळजवळ निम्म्यावर आली. दाटीवाटीच्या रांगांत राहणाऱ्या वस्तीत साथ कशी पसरली असेल हे, त्या रांगा नुकत्याच पाहून आलेल्या माणसाला, निराळे समजावून सांगावे लागत नाही. याच बाजूला मिशनांत कोतिग्वासू नावाचे मोठे घर असे. त्यात विधवा, अनाथ मुली आणि नवरा दूर गेलेल्या बायका यांना ठेवले जाई. त्याला आश्रय म्हणावे की कोंडवाडा, यावर जाणत्यांचे एकमत नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही.

आणि हाच प्रश्न संपूर्ण जागेविषयी पडतो. पाट्या वाचत गेलो की मिशन म्हणजे एक सुव्यवस्थित नंदनवन वाटते : कुटुंबाच्या स्वतःच्या शेतीसाठी 'आबांबाए' जमीन, सगळ्या गावासाठी आणि निराधारांसाठी कसायची सामायिक 'तुपांबाए' जमीन, येर्बा माते या पेयवनस्पतीची लागवड, आणि त्या पानांच्या विक्रीतून भागवले जाणारे राजाचे कर. जंगलात दूरवर जाऊन पाने तोडण्याऐवजी येर्बाचे बी रुजवून तिचे मळे करण्याची युक्ती जेझुइटांच्या काळात साधली, आणि आज प्रांतभर जे हिरवे मळे दिसतात त्यांचा पूर्वज येथलाच. हे सगळे खरे आहे. परंतु घंटेवर उठणे, घंटेवर कामाला जाणे, घंटेवर झोपणे, आणि एका मोठ्या सामाईक घरात राहणाऱ्या विस्तारित कुळांना एकेका खोलीत वाटून टाकणे, हेही खरे आहे. बाहेर बांदेइरांत्यांची साखळी आणि वसाहतवाल्यांची वेठ होती, म्हणून पुष्कळांनी आतली घंटा पत्करली. आणि ते निव्वळ आश्रित राहिले नाहीत. 1641 मध्ये म्बोरोरे येथे गुआरानी सैन्याने हल्लेखोरांचा असा पराभव केला की मोठ्या स्वाऱ्या पुढे थांबल्या. पाट्यांवर पाद्र्यांची नावे अधिक आणि गुआरानी नावे फार कमी, ही माझी या जागेविषयीची सर्वांत मोठी नाराजी आहे.

शेवट दोन टप्प्यांत झाला. 1767 मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने आपल्या साम्राज्यातून जेझुइटांना हद्दपार केले. पुढच्या वर्षी पाद्री येथून गेले, नवे प्रशासक आले, आणि माणसे हळूहळू पांगू लागली. मग 1817 मध्ये, सीमेवरच्या लढायांच्या धामधुमीत, पाराग्वेच्या सैन्याने गाव जाळले. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ते रानाच्या ताब्यात होते. रानाने काय केले याचा एक नमुना मुद्दाम राखून ठेवला आहे : एका वडासारख्या झाडाने दगडी खांबाला चहूबाजूंनी मिठी मारून आपल्या बुंध्यात गिळले आहे, आणि सालीच्या फटीतून आतला खांब अजून दिसतो. त्याला 'दगडी काळजाचे झाड' म्हणतात. 1940 च्या दशकात मोठी डागडुजी झाली, झाडे हटवली गेली, पडलेले चिरे पुन्हा जागी बसवले गेले. काम चांगले आहे यात वाद नाही, नाहीतर पाहायला फार थोडे उरले असते. तरी सारखी कापलेली हिरवळ आणि आखीव पायवाटा यांमुळे जागा थोडी बगीच्यासारखी होते, आणि दोनशे वर्षांची पडझड जणू एका रात्रीत आवरून ठेवली असावी असे वाटते.

त्यावर उतारा त्याच तिकिटात आहे. दुपारी मी सांता आनाला गेले. ते पोसादासच्या दिशेने, त्याच महामार्गालगत आहे आणि बसमधून उतरून थोडे चालावे लागते. येथे डागडुजी मोजकीच झाली आहे. चर्चकडे चढणाऱ्या रुंद पायऱ्या, त्यांच्यावर उभ्या भिंती, आणि त्या भिंतींवरून ओघळल्यासारखी खाली आलेली झाडांची मुळे. बांधकामात वालुकाश्माबरोबर जांभ्यासारखा सच्छिद्र तांबडा दगडही दिसतो, आणि कोकणातल्या माणसाने तर तेथे पाय ठेवताच घरी आल्यासारखे करावे. शेजारी नंतरच्या काळातली एक दफनभूमी आहे, तीही मोडकळीला आलेली. म्हणजे एका अवशेषावर दुसरा अवशेष. तासाभरात माझ्याशिवाय तेथे फक्त तीन माणसे आली. सान इग्नासिओ सकाळी पाहून सांता आना दुपारी पाहावे, हा क्रम मी आग्रहाने सुचवीन. उलट क्रमाने गेल्यास सांता आना नुसते रान वाटेल.

लोरेतोमध्ये डोळ्यांना दिसण्यासारखे सर्वांत कमी आहे, आणि मुख्य रस्त्यापासून ते सुमारे तीन किलोमीटर आत असल्याने वाहन नसेल तर जाणे कष्टाचे होते. मी पायी गेले आणि सुमारे 35 अंशांच्या उन्हात त्याचा पश्चात्तापही केला. तरी हे स्थळ इतिहासाची गोडी असणाऱ्याने टाळू नये. रिओ दे ला प्लाताच्या प्रदेशातले पहिले छपाईचे काम 1700 च्या सुमारास मिशनांतच, लोरेतोत झाले. आणि तराफ्यांचा तो प्रवास घडवून आणणारा मोंतोया, ज्याने गुआरानी भाषेचा पहिला मोठा कोश रचला, तो 1652 मध्ये दूर लिमा येथे मरण पावल्यावर त्याच्या अस्थी गुआरानी लोकांनी तेथून लोरेतोत आणल्या. चौथ्या, सांता मारिया ला मायोरला, मला जाता आले नाही. ते उरुग्वे नदीच्या बाजूला असल्याने या तिघांबरोबर एका दिवसात होत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी. जूनपासून ऑगस्टपर्यंत हवा सुसह्य असते. डिसेंबर-जानेवारीत उकाडा आणि डास दोन्ही भरपूर. प्रांतात जाण्यापूर्वी पीतज्वराची लस घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि तिचे प्रमाणपत्र जवळ असू द्यावे. येथील माती गडद तांबडी आहे आणि धुऊन निघत नाही. पांढरे बूट घालून जाणाऱ्याचे बूट कायमचे गुलाबी होतील. सान इग्नासिओला किमान तीन तास, तिन्ही स्थळांना पूर्ण दिवस आणि शक्य असल्यास गावात एक मुक्काम ठेवावा. रात्रीचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम वेगळ्या तिकिटाचा असतो आणि पावसात होत नाही. तुषारांच्या पडद्यावर आणि भिंतींवर चित्रे उमटवण्याची कल्पना देखणी आहे, पण निवेदन न समजल्यास अर्धा आनंद हरवतो. लहान मुले बरोबर असतील तर मात्र चुकवू नये. ज्यांना फक्त भव्यता पाहायची आहे आणि घरांच्या रांगांत चालण्याचा कंटाळा आहे, त्यांनी इग्वासूचाच एक दिवस वाढवावा, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

फाटकाबाहेर गुआरानींच्या म्ब्या शाखेतल्या बायका जमिनीवर कापड अंथरून वेताच्या टोपल्या आणि लाकडी प्राणी विकायला बसतात. प्राणी हलक्या, फिकट लाकडाचे असतात आणि त्यांवरचे ठिपके व पट्टे तापलेल्या लोखंडाने डागून उमटवलेले असतात. मी हाताच्या पंजाएवढा एक जाग्वार घेतला. बाईंनी भाव एकदाच सांगितला, मी घासाघीस केली नाही. मग त्या शेजारी बसलेल्या मुलीशी गुआरानीत काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. जाग्वारचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आहे, हे मला बसमध्ये बसल्यावर दिसले.